हार्ड डिस्कला सुपाचा वारा

(गडमुडशिंगी, २००५ साल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणाऱ्या शिवशरणच्या घरातली पुढची खोली. टेबलावर पत्रा काढलेला कॉम्प्युटर. तो दुरुस्त करायला आलेले उन्मेष सर, शिवशरण आणि त्याची बायको सुष्मिता.)

उन्मेष : ...तर माणसाची सगळी प्रगती शेवटी वाऱ्यावर उभी आहे, शिवशरण. विस्तव कुणीही पेटवतो. पेटलेली वस्तू न विझवता थंड ठेवायची, ही खरी विद्या. आता तुमच्या ह्या डब्यात पाच पंखे आहेत. एक मागे वीज येते तिथे, एक प्रोसेसरवर, एक ग्राफिक्स कार्डावर आणि हार्ड डिस्कच्या पोटाखाली दोन चिमुकले. हे पाच जण न बोलता फिरत राहतात म्हणून ह्या जिल्ह्यातल्या लग्नांना लग्न म्हणायचं.

सुष्मिता : त्यातला बंद कुठला पडलाय ते सांगा की, सर.

उन्मेष : तीन.

शिवशरण : तीन? अवो सर, परवा सकाळी पाचच्या पाच फिरत हुते. मी कान लावून ऐकलंय.

उन्मेष : परवा सकाळनंतर काय झालं?

शिवशरण : काय न्हाय. खंडेनवमीची पूजा झाली.

उन्मेष : कशाची?

शिवशरण : हत्यारांची. म्हंजे कॅमेरा, लाईटचा स्टँड, आन् ह्यो डबा.

उन्मेष : मला आठवतंय त्याप्रमाणे पूजेला बसवलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत चालवायचं नसतं.

शिवशरण : मी कुठं चालवलं? ते चालतच हुतं. रेंडर लावलाता, चित्रं जोडून सलग फिल्म बनाय. मी फक्त बंद केलं न्हाय.

उन्मेष : वहिनी, पूजेत काय काय वाहिलंत?

सुष्मिता : हळद-कुंकू, झेंडूचा हार आन् अक्षता. नारळ ह्यांनी फोडू दिला न्हाय. पाणी उडतंय म्हणले.

उन्मेष : देवाची कृपा. अक्षता डब्यावर वाहिल्या?

सुष्मिता : डब्यात. वरचा पत्रा ह्यांनीच काढून ठेवलाता, गरम हुतंय म्हणून. मी म्हणलं, बरं झालं. देव काय पत्र्यात असतोय व्हय? आत असतोय. म्हणून आतच वाहिल्या.

उन्मेष : धार्मिकदृष्ट्या तुमचं बरोबर आहे. तांदळाच्या होत्या?

सुष्मिता : जोंधळ्याच्या.

उन्मेष : तुम्ही चंदगडच्या ना? तिकडे सगळा तांदूळच पिकतो.

सुष्मिता : म्हणून तर. तांदूळ खायाचा, वाहायचा जोंधळा.

उन्मेष : हा बघा. चिमट्यात धरलाय. कुंकू लावलेला दाणा, ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यात आडवा बसला होता. हा दुसरा. हा तिसरा. आता फिरवून बघा... हां, फिरला. हा एक वाचला. खालच्या दोघांचं मात्र कठीण आहे. हारातला दोरा आत ओढला गेलाय आणि दोन्ही पंख्यांना मिळून एकच गाठ बसलीय. फिरायचं म्हणून जोर लावला आणि दोघंही जळले.

शिवशरण : नवे बसवा की मग.

उन्मेष : बसवतो. सोमवारी मुंबईहून येतील.

शिवशरण : आन् मगाधरनं प्रगती-प्रगती कशाला म्हणत हुता?

उन्मेष : प्रगती सोमवारी येते, शिवशरण. आता गप्प बसा आणि ऐका. टक्... ऐकलंत? टक्... टक्... ही तुमची व्हिडिओची हार्ड डिस्क; कॉम्प्युटर चालवणारी छोटी वेगळी आहे, ती ठीक आहे. दोन दिवस बिनवाऱ्याची फिरलीय. हात लावा.

शिवशरण : आयायाया! तवा झालाय.

उन्मेष : हिच्यात काय काय आहे?

शिवशरण : गिऱ्हाइकांचं काय न्हाय. त्यांची सगळी लग्नं सीडीवर घालून पोच केली. एकच लग्न ऱ्हायलंय.

उन्मेष : कुणाचं?

सुष्मिता : आमचं.

उन्मेष : तुमचं म्हणजे?

सुष्मिता : माझं आन् ह्यांचं. दोन हजार एकच्या वैशाखातलं. चार वर्सं झाली, मिक्सिंगमधी हाय. माझ्या आईनं, आव्वानं, इचारलं, मिक्सिंगमधी हाय. आप्पांनी इचारलं, मिक्सिंगमधी हाय. आमच्या मागनं लग्न झालेल्यांची पोरं बालवाडीला गेली, सर, त्यांच्या आईबापाची सीडी ह्यांनीच केली. आमचं आपलं मिक्सिंगमधी.

शिवशरण : घरचं काम हाय, चांगलं व्हायला नको?

उन्मेष : मूळ कॅसेट असेल ना पण? ती परत उतरवून घेऊ.

शिवशरण : कॅसेट व्हय...

सुष्मिता : सांगा की.

शिवशरण : सर, धंद्यात असंच करत्यात सगळी. कॅसेट एकदा कॉम्प्युटरात उतरवून घेतली की त्याच कॅसेटवर पुढचं लग्न घ्यायचं.

सुष्मिता : आमच्या कॅसेटवर नऊ लग्नं लागली. शेवटचं पेठवडगावचं. मग टेप तुटली.

उन्मेष : म्हणजे तुमचं लग्न जगात फक्त ह्या तव्यावर आहे.

शिवशरण : व्हय.

उन्मेष : आता मला घाई करायला हवी. आपण इन्व्हर्टरवर आहोत ना?

शिवशरण : व्हय. आज गुरुवार, लोडशेडिंग. लाईट सहाला येती.

उन्मेष : इन्व्हर्टर किती वेळ ओढेल?

शिवशरण : नुसता डबा आन् त्याचा टीव्ही लावला तर सव्वा तास. टेबल फॅन लावला तर त्याच्या निम्मं.

सुष्मिता : मग बंद करून ठिवा की सहापतूर. तेबी जरा गार हुईल.

उन्मेष : तेच करायचं नाही, वहिनी. ही आता गरम आहे म्हणून फिरतेय. एकदा थांबली, आत आखडली, की परत फिरेल असं मी लिहून देणार नाही. दहातल्या सहा फिरत नाहीत. माझी रिकामी डिस्क आणलीय, तिच्यावर आत्ताच्या आत्ता उतरवून घेऊ. पण वारा पाहिजे. पुठ्ठा आहे का?

शिवशरण : ह्यो घ्या, कॅलेंडरचा.

उन्मेष : डिस्कला लागेल असा नको, जरा लांबून, सारखा वारा पाहिजे. झटके नकोत.

सुष्मिता : सरका तिकडं. पुठ्ठ्यानं काय हुतंय? मी सूप आणते.

शिवशरण : हार्ड डिस्कला सूप?

सुष्मिता : जोंधळा माझा गेलाय ना आत? मग पाखडायचं कसं ते मला ठावं हाय.

उन्मेष : ...वा. छान. असंच. वहिनी, कंपन्या जे पंखे बनवतात त्यांना आवाज असतो. ह्याला नाही. टकटक कमी झाली, ऐका.

शिवशरण : खरंच की.

उन्मेष : आता इकडे बघा. लग्नाची दोन फोल्डर दिसताहेत. एकाचं नाव 'ओरिजिनल'. दुसऱ्याचं नाव 'ढग'. दोन्ही अवाढव्य. आणि डिस्क इतकी दमलीय की एकेक क्लिप दोन-दोनदा वाचतेय. ह्या वेगानं सव्वा तासात एकच फोल्डर येईल. कुठलं घेऊ?

सुष्मिता : ढग कसले?

शिवशरण : सर, पहिल्यांदा ढग घ्या.

सुष्मिता : अवं, ढग कसले म्हणते मी.

शिवशरण : आपल्या लग्नाचे. मिक्सिंग झालेला भाग हाय त्यो.

सुष्मिता : किती झालाय?

शिवशरण : साडेतीन मिनिटं.

सुष्मिता : चार वर्सांत?

शिवशरण : तुला कळायचं न्हाय ते. एका सेकंदात पंचवीस चित्रं असत्यात. एकेका चित्रातनं आपल्या दोघांच्या कडंकडंनं माऊस फिरवायचा, बाकीचं सगळं खोडायचं. तुझ्या मुंडावळीचा एकेक मणी मी सुटा केलाय. गिऱ्हाइकांना मी तयार सीडीतलं आकाश लावतोय. नवरा-नवरी कमळात बसवायची, हंसावर बसवायची, झालं. इथं तसलं काय न्हाय. इथं नुसतं पांढरं हाय सगळं. तू खालनं वर येतीस. हळूच. पाय दिसत न्हाईत. मागनं एक ढग येतोय, तुझ्या खांद्याला लागतोय आन् थांबतोय. मग मी येतोय. काय बोलायचं न्हाय. दोघंच. आन् मग आणखी ढग येत्यात.

उन्मेष : आणि मग?

शिवशरण : पुढं अजून व्हायचंय.

उन्मेष : ढग मिळाले कुठून इतके?

शिवशरण : शूटिंग केलं. हिच्या गावाकडचं. श्रावणात पहाटे डोंगरावर चढलं की ढग पायाखाली असत्यात, सर. कॅमेरा पिशवीत गुंडाळून तीन दिस बसलोतो. जळवा चढल्या. पर ढग खरे हाईत. एकबी इकतचा न्हाय.

सुष्मिता : कुठल्या श्रावणात?

शिवशरण : दोन हजार तीन साली.

सुष्मिता : तवा तर बेळगावला बॅटरी आणाय गेलतो म्हणून सांगितलंत! तीन दिवसांनी आला, पायाला रक्त, आन् बॅटरी न्हाय.

शिवशरण : सांगितलं असतं तर तू मागं लागली असतीस. मग तुला दाखवायची मजा काय ऱ्हायली?

सुष्मिता : माझ्या माहेरच्या डोंगरावर तीन दिस बसला आन् खाली घरी च्या प्यायला पण आला न्हाईसा?

शिवशरण : ढग हलले असते.

उन्मेष : वहिनी, सूप थांबलं. डिस्क टकटकतेय.

सुष्मिता : हलवते. ...मला एक सांगा. त्या ढगात आव्वा कुठं हाय?

शिवशरण : आव्वा न्हाईत.

सुष्मिता : आप्पा?

शिवशरण : न्हाईत. गर्दी काढलीय सगळी.

सुष्मिता : आमची धाकटी शिवांजली करवली हुती. कलश घेऊन माझ्या मागंच हुबी हुती.

शिवशरण : कलशाचं नारळ तुझ्या खांद्यावरनं दिसत हुतं. त्येच्यावरच तर ढग थांबवलाय.

सुष्मिता : लग्न लावणारे जंगमस्वामी? मांडव? मंडपातली माणसं?

शिवशरण : सुष्मिता, आपण दोघंच. कुणी न्हाय. नुसतं पांढरं.

सुष्मिता : दोघंच तर रोज असतो की ह्या घरात. त्येच्यासाठी सीडी कशाला पायजे?

उन्मेष : दहा मिनिटं गेली. मी आपला फक्त घड्याळ वाचतोय.

सुष्मिता : सर, मी तुम्हालाच सांगते. ह्यांना सांगून उपेग न्हाय. मी माझं लग्न बगितलेलंच न्हाय. मान वर करायची न्हाय म्हणून झुंबरबाईआत्तीनं दम भरलाता. दोन तास मी माणसांचे पाय बगितले. जंगमस्वामींच्या अंगठ्याला चिंधी बांधलीती, एवढं मला ठावं हाय. बाकी लग्नात काय झालं इचाराल तर मला सांगता येणार न्हाय. आता शिवांजलीचं ठरलंय, उद्या मी चंदगडला चाललेय. ती पोरगी फोनवर इचारती, ताई, अक्षता पडताना कसं वाटतंय गं? काय सांगू? डोक्यात जोंधळा जातोय, एवढंच.

उन्मेष : खरं आहे.

सुष्मिता : आन् अक्षता पडल्या तवा माझ्या मागं कुणीतरी हुंदका दिला. मोठ्यांदा. मला वाटलं, आव्वा. आमची आव्वा कधी रडत न्हाय, सर. आप्पांचा पाय मोडला तवा रडली न्हाय, म्हस मेली तवा रडली न्हाय. मी चार वर्सं तिला इचारतेय, तू माझ्या लग्नात रडलीस न्हवं? ती म्हणती, छट्, मला कामं नव्हती व्हय? मला तिचं त्या येळचं तोंड बगायचंय. एकदाच. ढग नकोत मला. रिकाम्या हातानं गेले तर भातकापणी हुईस्तोवर तिकडंच ऱ्हाणार. इथलं जेवण तुमचं तुम्ही मिक्सिंग करा.

उन्मेष : शिवशरण, मी बाहेरचा माणूस आहे. पण बटण कुणीतरी दाबायचंय.

शिवशरण : ढगाचं परत जमणार न्हाय, सर. मणी न् मणी सुटा केलाय.

उन्मेष : माहीत आहे.

शिवशरण : एकदा तिला दाखवलं असतं तर...

उन्मेष : साडेतीन मिनिटं दाखवू आत्ता? ग्राफिक्स कार्ड तापेल, डिस्क तापेल, इन्व्हर्टर खाली येईल. मग ओरिजिनलही पुरं होणार नाही.

शिवशरण : ...नको. ओरिजिनल घ्या.

उन्मेष : नक्की?

शिवशरण : घ्या म्हणतोय न्हवं. चंदगडला ढगांना काय तोटा हाय. आण ते सूप इकडं, तुझा हात दुखला आसंल.

सुष्मिता : दुखला न्हाय. दोघांनी आळीपाळीनं धरू.

उन्मेष : दाबलं. ...चाललंय. पंचेचाळीस मिनिटं दाखवतोय. असाच वारा ठेवा. हळू. झोपाळ्यासारखा.

शिवशरण : सर, तुम्हाला ह्या पंख्यांचा नाद कसा लागला?

उन्मेष : नाद नाही, पोट आहे. पण एक सांगतो. गेल्या मे महिन्यात बत्तीस पंख्यांची पेटी आली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून सगळे एकदम टेबलावर लावून चालू केले. त्या आवाजात काय असतं कोण जाणे, विहिरीत कुणीतरी लांबून गुणगुणतंय असं वाटतं. मला डुलकी लागली. जाग आली तर टेबल दोन बोटं सरकलं होतं.

सुष्मिता : पंख्यांनी?

उन्मेष : पंख्यांनी. तेव्हापासून मनात आहे. पुरेसे पंखे जमवले, सगळे एका दिशेला तोंड करून बसवले, तर राजारामपुरीतली आमची अख्खी गल्ली उचलता येईल. हळूच. कुणाच्या कपातला चहा सांडणार नाही. कळंब्याच्या तलावावर नेऊन थोडा वेळ तशीच धरायची. लोक गॅलरीत येतील, खाली पाणी बघतील. खालून कळंब्याच्या तुरुंगातले कैदी वर बघतील. कुणी काही बोलणार नाही. मग संध्याकाळी आणून परत जागेवर ठेवायची.

शिवशरण : वर ढग?

उन्मेष : असतील तर येतील.

सुष्मिता : परत कशाला आणायची पर?

उन्मेष : नळाला पाणी सहाला येतं, वहिनी.

शिवशरण : सर, तेवढ्याला किती पंखे लागतील?

उन्मेष : एकदा हिशेब मांडला होता. मग बायकोनं भाजी आणायला पाठवलं.

सुष्मिता : मला झोप याय लागलीय ह्या वाऱ्यानं. गार वारं डब्याला आन् झोप मला.

शिवशरण : आण इकडं सूप. ...सर, हे कॉपी हुताना कागद उडत्यात न्हवं स्क्रीनवर, एका फायलीतनं दुसऱ्या फायलीत, ते बगत बसलं की मला वाटतंय आपलीच माणसं चाललीत. एकेक उठून. पाटावरनं उठली, चप्पल घातली, ह्या घरातनं त्या घरात.

उन्मेष : त्यातला एखादा कागद तुमचे जंगमस्वामी असतील.

सुष्मिता : चिंधीसकट.

उन्मेष : सत्तर टक्के.

सुष्मिता : ढगात मी खरंच हळूच येती व्हय?

शिवशरण : लई हळू. बगणाऱ्याला कळत न्हाय कवा आलीस.

सुष्मिता : आन् तोंड कसं दिसतंय?

शिवशरण : खाली हाय. तू मान वरच केली न्हाईस की.

सुष्मिता : ...व्हय. ते बी खरं.

उन्मेष : नव्वद. ...पंच्याण्णव. वारा सोडू नका. ...झालं. 'ओरिजिनल' सगळं आलं. आता उरलेल्या वेळात ढगांतलं काही येतंय का बघू. दाबतो. ...पहिली क्लिप. ...दुसरी. ...

शिवशरण : टकटक थांबली.

उन्मेष : हो.

शिवशरण : बरी झाली?

उन्मेष : नाही. थांबली.

सुष्मिता : मी मारते की वारं. जोरात मारते.

उन्मेष : राहू द्या, वहिनी. ती आता फिरत नाही.

शिवशरण : दोन क्लिपा आल्या न्हवं? उघडा.

उन्मेष : उघडतो. ...पहिलीत नुसते ढग आहेत. दुसरीतही.

शिवशरण : आमी तिसरीत येतो.

सुष्मिता : ...ह्ये ढग तर आमच्या वरच्या शेताचे. त्यो खालचा काळा ठिपका दिसतोय न्हवं, ती आमची चाफ्याची फांदी हाय. तिथनं हाक मारली असती तर आव्वाला ऐकू गेलं असतं, अवं.

शिवशरण : पुढल्या श्रावणात मारतो.

उन्मेष : इन्व्हर्टरमध्ये पंधरा-वीस मिनिटं शिल्लक दिसताहेत. माझ्या डिस्कवरून लग्न लावू?

सुष्मिता : लावा! ...हे कोण? ही तर आचाऱ्याची माणसं. बाळासोनं पहिल्यांदा वांग्याची भाजीच घेतलीय व्हय सगळी?

शिवशरण : बाळासो शिकाऊ हुता. मी नवरदेव, मी काय करू?

सुष्मिता : ह्यो बगा आकाराममामा. केस हाईत अजून! ही धोंडुबाई. ही आयेर न देता दोनदा जेवली म्हणत्यात. आन् ही माझी हिरवी साडी नेसून कोण फिरतंय? झुंबरबाईआत्ती! मला म्हणलीती पेटीतच हाय म्हणून!

उन्मेष : नवरदेव कुठे आहेत?

सुष्मिता : त्यो काय खांबाजवळ. बाळासोला हात करून सांगाय लागलाय, कॅमेरा सरळ धर म्हणून.

शिवशरण : वाकडा धरलाता.

सुष्मिता : आन् ही... ही मी व्हय? एवढीशी?

शिवशरण : व्हय.

सुष्मिता : ...काय गं बाई. आन् सगळी माणसं माझ्याकडंच बगाय लागलीत की. मला वाटलं हुतं कुणाचं लक्ष न्हाय.

उन्मेष : थोडं पुढे ढकलतो, वेळ कमी आहे. आला अंतरपाट. अक्षता सुरू झाल्या. आवाज वाढवू?

सुष्मिता : वाढवा. ...आता बगा. आता. ऐकला? ऐकला हुंदका?

शिवशरण : ऐकला.

सुष्मिता : कॅमेरा फिरव की रं बाळासो... फिरला. ही झुंबरबाईआत्ती. माझ्या साडीला नाक पुसती.

उन्मेष : म्हणजे रडल्या त्या?

शिवशरण : ती कुणाच्याबी लग्नात रडती, सर. माझ्याकडं तिच्या चौदा क्लिपा हाईत.

सुष्मिता : थांबवा. थांबवा तिथंच. तिच्या मागं, कनातीपाशी. ती आव्वा.

उन्मेष : थांबवलं.

सुष्मिता : तोंड उघडलंय. डोळे मिटल्यात.

शिवशरण : डोळ्याला पाणी पण हाय बग. रडाय लागल्यात की. तुझंच खरं.

सुष्मिता : पुढं न्या. जरासंच.

उन्मेष : एक सेकंद नेतो.

सुष्मिता : तोंडावर हात धरला तिनं.

उन्मेष : म्हणजे?

सुष्मिता : जांभई हाय.